शेजारचा देश आणि घरातले मूल

आइंडहोव्हनहून म्युनिकला मोटारीने निघालेला प्रवासी तासाभरात व्हेनलो ओलांडून जर्मनीत शिरतो, आणि रस्त्याकडेच्या पाट्यांवरील भाषा पालटली एवढी एक खूण सोडली, तर आपण एका राज्याच्या अंमलातून दुसऱ्या राज्याच्या अंमलात आलो याची त्याला फारशी जाणीव होत नाही. खिशातले चलन तेच, आभाळ तेच, बटाटाही तोच. भारतातून युरोपात येताना ज्या कुटुंबाने सहा महिने आधीपासून दाखले, शिक्के आणि भाषांतरे यांची जमवाजमव केली होती, तेच कुटुंब पुढे नेदरलँड्समधून जर्मनीत जाताना ‘शेजारीच तर जायचे आहे’ अशा समजुतीने निर्धास्त असते. आणि या निर्धास्तपणाचा भुर्दंड बहुधा घरातल्या सर्वांत लहान माणसाला पडतो. प्रौढ माणसापुरती युरोपातली सीमा बरीचशी पुसली गेली असली, तरी बालपणाची मोजदाद प्रत्येक देश आपल्याच मापाने करीत आला आहे. मुलाने शाळेत कोणत्या वर्षी जावे, दुसरी लस केव्हा टोचून घ्यावी, ताप आल्यास प्रथम कोणाचे दार ठोठवावे, या साध्या प्रश्नांची उत्तरे व्हेनलोच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरीच असतात. साडेचार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा यांना घेऊन आम्ही २०२३ च्या उन्हाळ्यात हे देशांतर केले. त्यात ज्या गोष्टी चुकल्या त्यांचा उपयोग आता त्याच वाटेने निघालेल्या मराठी कुटुंबांना व्हावा, एवढ्याच हेतूने हा मजकूर लिहीत आहे.

आधी परवान्याचा विषय उरकून टाकू, कारण तो निस्तरल्याखेरीज बाकीचे सारे हवेतच राहते. ज्यांनी डच नागरिकत्व घेतले आहे त्यांना जर्मनीत राहण्यास आणि नोकरी करण्यास कोणत्याही परवान्याची गरज नाही. ज्यांच्याकडे अद्याप भारतीय पारपत्र आहे, त्यांनी मात्र आपल्या हातातल्या डच कार्डावर नेमके काय लिहिले आहे ते शांतपणे वाचावे. युरोपीय ब्लू कार्ड असेल आणि त्यावर बारा महिने वास्तव्य झाले असेल, तर व्हिसाशिवाय जर्मनीत जाऊन एका महिन्याच्या मुदतीत तेथील ब्लू कार्डासाठी अर्ज करता येतो. पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर मिळणारा दीर्घकालीन युरोपीय रहिवासाचा दाखला असेल, तर हीच मुदत तीन महिन्यांची आहे. पण नेदरलँड्समधील आपल्या बहुसंख्य मंडळींकडे असतो तो उच्चकुशल कर्मचाऱ्याचा साधा डच परवाना, आणि तो सीमेपलीकडे चालत नाही; तेथे जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा आधी मिळवावा लागतो, तोही कुटुंबातील प्रत्येकाचा स्वतंत्र. नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या मुलास केवळ तेथे जन्मल्यामुळे डच नागरिकत्व मिळत नाही, त्याचा जन्म भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंदवावा लागतो, आणि अल्पवयीन मुलाच्या भारतीय पारपत्राची मुदत पाचच वर्षांची असते, या तीन गोष्टी ऐन वेळी आठवल्या तर व्हिसाचे सारे वेळापत्रक कोलमडते. म्हणून नोकरीच्या करारावर सही होताच सर्वांत आधी मुलांच्या पारपत्रावरील तारीख पाहावी. आई किंवा वडील यांपैकी एकटेच मुलांना घेऊन प्रवास करणार असतील, तर दुसऱ्याचे लेखी संमतिपत्र जवळ असावे. डच सरहद्द पोलीस ते मागू शकतात. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनेही आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली असल्यामुळे, पूर्वी ही कागदपत्रे पेटीच्या तळाशी ठेवून खुशाल जाता येत असे ते दिवस आता नाहीत.

निघण्याचा महिना कोणता असावा, या प्रश्नाचे उत्तर सहसा नवी कचेरी देते: ‘अमुक तारखेस रुजू व्हा.’ माझे स्पष्ट मत असे की, ती तारीख कितीही घासाघीस करावी लागली तरी मुलांच्या सोयीने ठरवून घ्यावी. जर्मनीत पाळणाघर आणि बालवाडी या दोहोंचे मिळून जे रूप असते त्यास ‘किटा’ म्हणतात, आणि किटातील जागा मुख्यत्वे वर्षातून एकदाच, म्हणजे थोरली मुले शाळेत जाऊ लागली की ऑगस्ट-सप्टेंबरात, रिकाम्या होतात. नोव्हेंबरात येऊन जागा मागणाऱ्याची गत लग्न उरकल्यावर मांडवात आलेल्या पाहुण्यासारखी होते. वयाचे एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक बालकास संगोपनाची जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क जर्मनीने १ ऑगस्ट २०१३ पासून दिला आहे, आणि तो हक्क न पुरवल्यामुळे पालकांचे वेतन बुडाले तर नगरपालिकेची हयगय सिद्ध झाल्यास भरपाई मागता येते, असा निर्णय तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. हे सारे खरे आहे. परंतु न्यायालयाच्या निर्णयाने भरपाई मिळाली तरी शिक्षिका मिळत नाही, आणि खरा दुष्काळ शिक्षिकांचाच आहे. तेव्हा म्युनिकला जाणाऱ्यांनी तेथील नगरपालिकेच्या ‘किटा-फाइंडर’ या नोंदवहीत वसंत ऋतूतच नाव घालावे, एकाच संस्थेवर विसंबून न राहता आठ-दहा ठिकाणी अर्ज करावेत, आणि घरगुती स्वरूपात चार-पाच मुले सांभाळणाऱ्या ‘टागेसमुटर’चाही विचार मोकळ्या मनाने करावा, कायद्याच्या दृष्टीने तीन वर्षांखालील मुलासाठी तीही किटाइतकीच ग्राह्य आहे. शुल्क प्रांताप्रांतांत वेगळे असते. बर्लिनमध्ये २०१८ पासून पालकांना ते द्यावेच लागत नाही, तर म्युनिक ज्या प्रांतात येते त्या बव्हेरियात ते गावागणिक बदलते.

जागा मिळाली म्हणजे झाले, असे समजणाऱ्या डच सवयीच्या पालकांस पहिला धक्का बसतो तो ‘आइनगेव्होनुंग’ या प्रकाराने. मूल रुळवण्याची ही रीत असून तिचा ‘बर्लिन नमुना’ सर्वाधिक प्रचारात आहे. पहिले तीन दिवस आई अथवा वडील मुलाबरोबर तासभर किटात नुसते बसून राहतात, विलगतेचा पहिला प्रयत्न चौथ्या दिवशी, तोही काही मिनिटांचा, आणि मूल शिक्षिकेच्या हातून शांत होऊ लागले की मगच वेळ वाढवीत न्यायची. या साऱ्याला दोन आठवडे लागतात, कधी चार, क्वचित सहा. नेदरलँड्समध्ये दोन-तीन सकाळी सोडून पाहिले की काम भागत असे, म्हणून आम्ही या रिवाजाकडे प्रथम अंमळ थट्टेनेच पाहिले. तिसऱ्या आठवड्यात मुलगा आमच्याकडे मागे वळूनही न पाहता वाळूच्या खड्ड्याकडे धावला तेव्हा थट्टा ओसरली. तात्पर्य व्यवहारी आहे: दोघांपैकी एकाने पहिला महिना नोकरीत रुजूच होऊ नये, किंवा पूर्ण रजेवर असावे. ‘सकाळी सोडून कचेरीत जातो’ ही भाषा तेथे चालत नाही, आणि मुलाने नुकतेच घर, रस्ता, भाषा आणि सोबती असे सर्वच गमावलेले असल्यामुळे ती चालू नये हेच योग्य.

आता त्या कागदाविषयी, ज्याने आम्हांला दाराबाहेर उभे केले. १ मार्च २०२० पासून जर्मनीत अमलात आलेल्या गोवरप्रतिबंधक कायद्यान्वये किटात येणाऱ्या मुलास वयाच्या एका वर्षानंतर गोवरलसीचा एक डोस आणि दोन वर्षांनंतर दोन्ही डोस झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो नसेल तर किटास मुलाला घेताच येत नाही. शाळा सक्तीची असल्यामुळे तेथे प्रवेश नाकारता येत नाही, पण पालकांना दंड होऊ शकतो, आणि त्याची मर्यादा २५०० युरोपर्यंत आहे. यात अडचण कोठे आली? नेदरलँड्सच्या राष्ट्रीय लसीकरणात पहिला डोस चौदाव्या महिन्यात आणि दुसरा चक्क नवव्या वर्षी देण्याची प्रथा होती; म्हणजे डच नियमांप्रमाणे जी मुलगी निर्दोष लसवंत होती तीच जर्मन नियमांप्रमाणे अर्धवट ठरली. म्युनिकमधल्या त्या किटाच्या संचालिकाबाईंनी लसीकरणाची पुस्तिका उलटून पाहिली, दुसऱ्या रकान्यातील कोऱ्या जागेवर बोट ठेवले, आणि अत्यंत सौजन्याने आम्हांला परत पाठवले. त्यांचा काही दोष नव्हता. दोन देशांच्या दोन शहाण्या समित्यांनी दोन वेगळी वेळापत्रके आखली होती, आणि त्यांच्यामधील फटीत आमची कन्या आपली नवी चप्पल घालून उभी होती. २०२५ पासून नेदरलँड्सने हा दुसरा डोस तिसऱ्या वर्षाच्या सुमारास आणला आहे, तरी त्याआधीच ते वय ओलांडलेल्या मुलांच्या पालकांनी निघण्यापूर्वी मुलाची नोंद तपासून घ्यावी. दोन डोसांमध्ये किमान चार आठवड्यांचे अंतर पुरते. तेव्हा नेदरलँड्स सोडण्याआधीच तेथील बालआरोग्य केंद्रात चौकशी करून ठेवावी, म्हणजे आमच्यासारखी परक्या गावात डॉक्टर शोधत धावपळ करावी लागणार नाही.

कारण डॉक्टर मिळवणे हे स्वतंत्र प्रकरण आहे. नेदरलँड्समध्ये प्रत्येक दुखण्याचा मार्ग ‘हाऊसआर्ट्स’ या कुटुंबवैद्याच्या दारातून जातो, आणि त्याच्या पॅरासिटामोलवरील निष्ठेविषयीचे विनोद आपल्या मंडळींच्या प्रत्येक पंगतीत ऐकू येतात. जर्मनीत मुलाला थेट बालरोगतज्ज्ञाकडे नेता येते. मात्र मोठ्या शहरांत पुष्कळ बालरोगतज्ज्ञ नवे रुग्ण घेत नाहीत. घर ठरले की आजूबाजूच्या चार दवाखान्यांत स्वतः जाऊन नाव नोंदवून घेतात काय ते विचारावे. दूरध्वनीवर मिळालेला नकार समक्ष गेल्यावर, विशेषतः कडेवर मूल असेल तर, कधीकधी मवाळ होतो. जन्मापासून सहाव्या वर्षापर्यंतच्या ठरावीक तपासण्या ‘ऊ-१’ पासून ‘ऊ-९’ पर्यंतच्या क्रमाने एका पिवळ्या पुस्तिकेत नोंदवल्या जातात, आणि बव्हेरियात त्या बंधनकारक आहेत. डच वाढपुस्तिकेतील वजन-उंचीच्या नोंदी आणि लसींच्या तारखा बालरोगतज्ज्ञास दाखवून त्याच्याकडून जर्मन पुस्तिकांत उतरवून घ्याव्यात. रात्री-बेरात्री तातडीचा पण प्राणांवर न बेतलेला प्रसंग आला तर ११६११७, आणि प्राणसंकटात ११२, हे दोन क्रमांक दाराला चिकटवून ठेवावेत. सार्वजनिक आरोग्य विमा घेणाऱ्या पालकाच्या वर्गणीत मुलांचा विमा जादा रक्कम न देता समाविष्ट होतो. शिवाय मूल आजारी असताना घरी राहण्यासाठी प्रत्येक पालकास प्रत्येक मुलामागे २०२४ आणि २०२५ या वर्षांत १५ कामाच्या दिवसांची सवलत ठेवण्यात आली. पहिल्या हिवाळ्यात ती पुरत नाही, हेही सांगून ठेवतो.

घराविषयी थोडक्यात. जर्मनीत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत ‘आनमेल्डुंग’, म्हणजे निवासाची नोंद, करावी लागते, आणि त्यासाठी घरमालकाची लेखी कबुली आवश्यक असते. ही नोंद झाल्याखेरीज मुलांचे करक्रमांक नाहीत, त्यांच्याशिवाय बालभत्ता नाही, आणि शाळाही नाही, कारण बव्हेरियात प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते. तेव्हा पहिले दोन-तीन महिने एखाद्या तात्पुरत्या सदनिकेत काढावयाचे असतील, तर ‘नोंदीसाठी कबुलीपत्र मिळेल काय’ हा प्रश्न भाड्याच्या आकड्याआधी विचारावा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी असते आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूस कायद्याने दिला आहे. जर्मन पतपत्र नवागताकडे असणारच नाही. त्याच्या जागी नोकरीचा करार, मागील तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या आणि भाडे थकलेले नाही असे डच घरमालकाचे पत्र पुढे करावे. आणि रिकामे घर म्हणजे काय, हे भाडेपत्रावर सही करण्यापूर्वी पाहावे. स्वयंपाकघर म्हणून जी खोली दाखवतात तिच्यात पुष्कळदा नळाची दोन टोके आणि भिंतीतील विजेची जोडणी यापलीकडे काहीही नसते, ओटाही नाही आणि चूलही नाही. आम्ही तीन आठवडे विजेच्या एका शेगडीवर खिचडी शिजवून काढले. मुलांना त्या दिवसांची आठवण अद्याप आनंदाची वाटते. आमच्याविषयी तसे म्हणवत नाही.

नेदरलँड्सचा निरोप घेताना नगरपालिकेत, म्हणजे ‘खेमेंटे’त, नाव कमी करण्याची वर्दी निघण्याच्या पाच दिवसांपेक्षा आधी देता येत नाही, आणि निघून गेल्यावर देऊ नये. ती देताना मुलांचीही नावे त्यात आहेत याची खातरजमा करावी. पाळणाघराच्या खर्चासाठी मिळणारा डच भत्ता त्याच सुमारास स्वतःहून थांबवावा, कारण जादा गेलेली रक्कम पुढे सव्याज मागितली जाते. ज्या देशात याच भत्त्याच्या वसुलीत हजारो निरपराध पालकांना लबाड ठरवले गेले आणि त्या प्रकरणापायी जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाला पायउतार व्हावे लागले, त्या देशात हिशेब आपल्या बाजूने चोख ठेवलेला बरा. डच भ्रमणध्वनीचा क्रमांक वर्षभर चालू ठेवावा. शासकीय खात्यांत प्रवेश देणारी ‘डिजिडी’ त्याच्याशी जोडलेली असते, आणि स्थलांतराच्या वर्षाचे करपत्रक अजून भरावयाचे असते. जर्मनीत बालभत्ता २०२५ मध्ये दरमहा दर मुलामागे २५५ युरो होता; तो मागील सहा महिन्यांपुरताच पूर्वलक्षी मिळतो, म्हणून अर्जाला दिरंगाई करू नये.

शाळेच्या बाबतीत मात्र कोणत्याही दाखल्याने न भागणारी एक गोष्ट आहे. नेदरलँड्समध्ये मूल चौथ्या वाढदिवशी शाळेत जाते. आमची कन्या दप्तर पाठीला लावून, सायकलच्या पुढच्या पेटीत बसून सहा-सात महिने ‘खरीखुरी’ शाळा करून आली होती. जर्मनीत शाळा सहाव्या वर्षी. तोवर सर्व मुले किटात खेळतात, आणि अक्षरे शिकवण्याची घाई तेथे असभ्य मानली जाते की काय, अशी शंका येण्याइतकी ती टाळली जाते. मोठ्यांच्या दृष्टीने यात नुकसान काहीच नाही. उलट परकी भाषा खेळातून कानावर पडण्यासाठी दोन वर्षांचा अवधी फुकटात मिळतो. पण मुलीच्या दृष्टीने ती पदावनती होती. ‘मी शाळेत होते, मला परत बाळांच्यात का घातले?’ हा तिचा प्रश्न आम्हांला ध्यानीमनी नसताना आला, आणि त्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. पालकांनी ते आधीच तयार ठेवावे. पुढे सहाव्या वर्षी प्रथम शाळेत जाताना जर्मन मुलांच्या हाती खाऊ आणि खेळण्यांनी भरलेला, त्यांच्याच उंचीला येईल एवढा कागदी शंकू देतात. त्या शंकूची कथा आम्ही तिला दोन वर्षे सांगत राहिलो, आणि बऱ्याच अंशी तिच्यावरच निभावून नेले. ज्यांची मुले सहा वर्षांची होऊन गेली आहेत त्यांनी शाळेत नवागतांसाठी जर्मन भाषेचा स्वतंत्र वर्ग आहे काय ते विचारावे, आणि चौथीनंतर बव्हेरियात मुलांची वाट निरनिराळ्या प्रकारच्या शाळांकडे फुटते हे लक्षात ठेवावे. आठव्या-नवव्या वर्षी मुलाला नव्या भाषेत आणणे आणि चौथ्या वर्षी आणणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. घरी शिकवण्याचा पर्याय जर्मनीत नाही.

डच येते म्हणजे जर्मन आलेच, असाही एक गोड गैरसमज आहे. दोन्ही भाषा सख्ख्या चुलत बहिणी खऱ्या, पण चुलत बहिणींसारख्याच एकमेकींची वस्त्रे नेसून फसवणाऱ्या. डच ‘झे’ म्हणजे समुद्र आणि ‘मेर’ म्हणजे सरोवर. जर्मनमध्ये ‘मेर’ हा समुद्र आणि ‘झे’ हे सरोवर. आजी दर रविवारी पुण्याहून दूरध्वनी करते, हे आमच्या कन्येने किटात डच क्रियापद वापरून सांगितले, आणि सारा वर्ग अवाक झाला. कारण डचमध्ये ‘बेलेन’ म्हणजे दूरध्वनी करणे, पण जर्मनमध्ये भुंकणे. संध्याकाळी शिक्षिकाबाईंनी मोठ्या नाजूकपणे आमच्याकडे आजींच्या प्रकृतीची चौकशी केली.

पुढचे दोन-अडीच महिने ती किटात जवळजवळ मुकी होती. नव्या भाषेत येणारे मूल असे गप्प राहते, ऐकत असते, साठवीत असते. अशा काळात ‘बोल ना’ म्हणून तगादा लावू नये, आणि घरी मोडकीतोडकी जर्मन बोलून तिला मदत करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. आपली जर्मन तिला उपयोगी पडत नाही. आपली मराठी पडते. डच विसरली जाणार होती, आणि सहा महिन्यांत ती बहुतेक विसरलीही. जर्मन अजून यावयाची होती. या दोन्हींच्या मधल्या ओसाड काळात ज्या एका भाषेत मुलीला भूक, राग आणि स्वप्न सांगता येत होते ती मराठी होती. परदेशात मराठी टिकवण्याचा विचार आपण बहुधा संस्कृती, अभिमान अशा भारदस्त शब्दांत मांडतो, आणि गणेशोत्सवात त्यावर भाषणेही होतात. लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि युरोपातील बहुतेक मोठ्या शहरांत आता आपली मंडळे आहेत. नव्या गावी पोहोचताच त्यांच्याशी संबंध जोडावा. तरीसुद्धा, एका देशातून दुसऱ्या देशात मुलांना हलवणाऱ्या घरात मराठीचे काम फार साधे आहे: सामानाबरोबर जी बदलत नाही अशी ती एकच वस्तू असते.

आजी-आजोबांना केव्हा बोलवावे? सामान बांधण्याच्या वेळी बोलवण्याची चूक सर्वजण करतात, आम्हीही केली. त्यांना व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच शेंगेन प्रदेशात राहता येते, आणि ते ९० दिवस खोकी बांधण्यात खर्ची घालणे हा अपव्यय आहे. किटात रुळवण्याचे काम आई-वडिलांनीच करावे. ते पूर्ण होऊन मूल पहिल्यांदा शिंकू लागले, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर, त्यांना आणावे. व्हिसाचा अर्ज ज्या देशात मुख्य मुक्काम असेल त्याच्या वकिलातीकडे करावयाचा असतो, म्हणून जुन्या सवयीने तो डच वकिलातीकडे जाऊ देऊ नये.

शेवटी बांधाबांध. मुलांची खोली सर्वांत शेवटी बांधावी आणि नव्या घरी सर्वांत आधी लावावी. पहिल्याच रात्री त्यांची खाटली आणि पांघरूण जागेवर असावे, बाकीची खोकी महिनाभर तशीच पडली तरी चालतील. आजीने जुन्या नऊवाऱ्यांची शिवलेली गोधडी निघण्यापूर्वी धुण्याचा हव्यास धरू नये, तिला जुन्या घराचा वास राहू द्यावा. आमची गोधडी आणि लसीकरणाची पुस्तिका या दोन्ही सामानाच्या ट्रकमध्ये गेल्या, आणि ट्रक चार दिवस उशिरा आला. तुम्ही त्या दोन वस्तू हातातल्या पिशवीतच ठेवा.